मुलं पळवणारी माणसं

आमच्या सावेडीतल्या कॉलनीत वर्षातून तीन-चार वेळा वैदू बाया येतात. खांद्याला झोळी, कडेवर एखादं पोर. सुया, दाभण, बिब्बे, काळे मणी, फण्या असलं काहीबाही विकतात. पाइपलाइन रोडला आता मोठमोठी दुकानं झाली आहेत, तिथे सगळं मिळतं. दाभण मात्र मिळत नाही. अम्मीला गोधडीसाठी दाभण लागतं, म्हणून ती या बायांची वाट बघते.

गेल्या उन्हाळ्यात अशाच दोघी आल्या होत्या. दुपारचे दोन वाजले असतील. मी शाळेच्या सुटीमुळे घरीच होतो. अम्मी आतून म्हणाली, "अगे, धूप में खडी है बेचारी, पानी तो देव." मी उठेपर्यंत तीच तांब्या घेऊन फाटकापाशी गेली. दहा-पंधरा मिनिटं गप्पा झाल्या, घासाघीस झाली, दाभण-सुया घेतल्या गेल्या, बाया पुढे गेल्या. मी परत आडवा झालो.

तासाभराने कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला. खाली मजकूर होता: सर्व मेंबर्सना विनंती, आपल्या भागात संशयित महिला फिरत आहेत, मुलं पळवणारी टोळी असू शकते, लहान मुलांना बाहेर सोडू नका, फॉरवर्ड करा. फोटो समोरच्या गच्चीवरून काढलेला. त्यात त्या दोघी होत्या, कडेवरचं पोर होतं, आमचं फाटक होतं, आणि फाटकाच्या वरून पुढे आलेला, तांब्या धरलेला एक हात होता. हिरव्या बांगड्यांचा. माझ्या आईचा.

मी वीस मिनिटं काहीच लिहिलं नाही. दोनदा टाईप करून पुसलं. खरं सांगायचं तर त्या ग्रुपवर आमचं एकच मुस्लिम घर आहे आणि असल्या बाबतीत आपण मध्ये पडू नये, ही सवय मला लहानपणापासून लागलेली आहे. ती वीस मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत, म्हणून हा लेख.

'मुलं पळवणारी टोळी' हे शब्द वाचले की महाराष्ट्रात एकच गाव आठवायला हवं. धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढा तालुक्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे भिक्षेसाठी पोचले होते. मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज महिनाभर फोनोफोनी फिरत होतेच. कुणीतरी संशय घेतला, जमाव जमला, पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथेच ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, म्हणजे गावातल्या सरकारच्या घरात. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. मेलेल्यांचा गुन्हा एवढाच होता की ते अनोळखी होते आणि त्यांचे कपडे भटक्यांचे होते.

आता तिथून थेट ग्रीसमध्ये चला. ऑक्टोबर २०१३. फार्साला नावाच्या गावाजवळच्या रोमा वस्तीत पोलिसांना एक गोरी, सोनेरी केसांची चारेक वर्षांची मुलगी दिसली. आईबाप सावळे. झालं! जगभरच्या वाहिन्यांवर तिचा फोटो झळकला, युरोपातल्या हरवलेल्या मुलींच्या घरांत फोन वाजले. त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये दोन रोमा कुटुंबांतली दोन मुलं पोलिसांनी उचलून नेली, कारण तीही गोरी होती. डीएनए तपासणी झाली. आयर्लंडची मुलं आपापल्या आईबापांचीच निघाली. ग्रीसमधली मुलगी निघाली बल्गेरियातल्या एका गरीब रोमा जोडप्याची. त्यांनी ती दुसऱ्या घरात वाढायला ठेवली होती. पळवापळवीच्या आरोपातून ग्रीसचं जोडपं पुढे सुटलं. पण सुटल्याची बातमी पकडल्याच्या बातमीएवढी कुठे छापतात? हा अनुभव आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

'जिप्सी मुलं पळवतात' हा समज युरोपात कित्येक पिढ्यांचा. आपल्याकडे वैदू, डवरी गोसावी, पारधी यांच्याबद्दल तोच. दोन खंडांत एकच अफवा, आणि ती एकाच प्रकारच्या माणसांवर चिकटते: ज्यांचं घर कुठे आहे हे आपल्याला माहीत नसतं त्यांच्यावर. मात्र या अफवेला तोंड देण्याचा रोमांचा मार्ग आणि आपला मार्ग यांत मोठा फरक आहे.

रोमांविषयी थोडं सांगतो. युरोपात त्यांची संख्या एक कोटी ते सव्वा कोटीच्या दरम्यान असावी असा अंदाज केला जातो. 'जिप्सी' हे नाव ते इजिप्तमधून आले या चुकीच्या समजातून पडलं. ते आले आपल्याकडून. हे आधी ओळखलं भाषेच्या अभ्यासकांनी, अठराव्या शतकाच्या अखेरीस. आणि ओळखायला फार विद्वान व्हायला नको. त्यांचे आकडे ऐका: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, आणि दहाला देश. पाण्याला पानी, कानाला कान, नाकाला नाख, माणसाला मनुश. मी आठवीच्या वर्गात फळ्यावर हे लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, ही तर आमच्या आजीची भाषा." पूर्ण खरं नाही, पण पूर्ण खोटंही नाही.

एक गोष्ट इथेच मिटवून टाकतो, कारण ती मला व्हॉट्सअ‍ॅपवरच वारंवार येते. रोमा म्हणजे गझनीच्या महमूदाच्या जुलमाला कंटाळून पळालेले लोक, असं एक कथानक आपल्याकडे लोकप्रिय आहे. पुरावा? २०१२ साली युरोपभरच्या रोमांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात आला. त्यानुसार त्यांचे पूर्वज वायव्य हिंदुस्थानातून सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी निघाले. महमूदाच्या स्वाऱ्या त्यानंतर पाचेकशे वर्षांनी. तारखांवर अभ्यासकांत मतभेद आहेत, असू द्या. फिर्दौसीच्या 'शाहनामा'त इराणच्या बहराम गोर बादशहाने हिंदुस्थानातून गाणारे-वाजवणारे मागवल्याची कथा येते, ती तर आणखी जुन्या काळातली. कथेला इतिहास म्हणू नये. पण मग गझनीच्या कथेलाही म्हणू नये. माणसं पोटासाठीही चालतात.

तर हे लोक. रोमानियाच्या वलाचिया आणि मोल्डाविया या प्रांतांत ते १८५५-५६ पर्यंत गुलाम होते, मठांचे आणि जमीनदारांचे. जर्मनीत म्युनिकच्या पोलिसांनी १८९९ मध्येच त्यांच्यासाठी वेगळं कार्यालय उघडलं आणि १९०५ मध्ये त्यांच्या नावांचं पुस्तकच छापलं. हिटलर यायला अजून तीन दशकं होती. तो आला तेव्हा याद्या तयारच होत्या. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्विट्झमधली त्यांची छावणी रिकामी करण्यात आली, म्हणजे उरलेल्या हजारो बायका-मुलं-म्हातारे यांना वायूच्या कोठड्यांत घालण्यात आलं. हा वंशसंहार होता हे पश्चिम जर्मनीच्या सरकारने मान्य केलं १९८२ मध्ये. बर्लिनमध्ये स्मारक झालं २०१२ मध्ये.

आणि हे सगळं आपोआप झालं नाही. एप्रिल १९७१ मध्ये लंडनजवळ ऑर्पिंग्टनला वेगवेगळ्या देशांतले रोमा पहिल्यांदा परिषदेसाठी जमले. तिथे त्यांनी ठरवलं की आम्हाला जिप्सी म्हणू नका, आम्ही रोमा. झेंडा ठरवला: वर निळं आकाश, खाली हिरवी जमीन, मध्ये सोळा आऱ्यांचं लाल चाक. ते चाक गाडीचंही आहे आणि आपल्या चक्राची आठवणही. परिषदेला चंदीगडचे डब्ल्यू. आर. ऋषी हजर होते. हिंदुस्थानी मुत्सद्दी आणि भाषापंडित, पुढे त्यांनी चंदीगडला रोमांच्या अभ्यासासाठी संस्थाच काढली. १९७९ मध्ये रोमांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला संयुक्त राष्ट्रांत सल्लागार दर्जा मिळाला. तिचे मानद अध्यक्ष होते हॉलिवूडचे युल ब्रिनर. 'टेन कमांडमेंट्स'मधला टकलू फेरो आठवतो ना, तोच.

मला यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो न्यायालयातला. चेक प्रजासत्ताकात ओस्ट्राव्हा नावाचं शहर आहे. तिथे रोमा मुलांना सरसकट मंदबुद्धी मुलांच्या 'विशेष शाळां'त टाकत. अठरा मुलांच्या वतीने खटला भरला गेला. आकडे गोळा केले गेले: ओस्ट्राव्हात रोमा मुलाला अशा शाळेत टाकलं जाण्याची शक्यता इतर मुलाच्या २७ पट. आपल्या देशात ते हरले. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात पहिल्या फेरीत पुन्हा हरले. मग १३ नोव्हेंबर २००७ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे जिंकले. न्यायालयाने मान्य केलं की भेदभाव सिद्ध करायला 'आम्ही यांचा द्वेष करतो' असा कागद सापडायची गरज नाही, आकडेच बोलतात. निकालानंतरही ओस्ट्राव्हाच्या शाळा लगेच सुधारल्या नाहीत, हेही सांगायला हवं. पण हातात निकाल असणं आणि नसणं यात फरक असतो.

आता आपल्याकडे. फेब्रुवारी २०१६ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद झाली. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी आलेल्या पाहुण्यांना भारतमातेची लेकरं म्हटलं. चांगलं केलं. मला त्यात खोट काढायची नाही. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला कुणी आपलं म्हटलं तर त्याला बरंच वाटणार. पण गेलेल्यांना लेकरं म्हणायला काहीच पडत नाही. जे गेले नाहीत, इथेच राहिले, अजूनही गाढवावर बिऱ्हाड टाकून नगर-पाथर्डी-बीड फिरतात, त्यांना आपण काय म्हणतो? टोळी.

आणि हा शब्द आपण नाही घडवला, इंग्रजांनी कायद्यात घडवून दिला. १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट, मुंबई इलाख्यात आला १९११ च्या सुधारणेनंतर. जन्मानेच गुन्हेगार. रोज पोलिसात हजेरी, गाव सोडायला परवाना, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून या जमाती विमुक्त. देशाला स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाली होती. पण कायदा गेला आणि सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. मुंबई राज्याचा १९५९ चा. त्याच वर्षी भीक प्रतिबंधक कायदाही आला. त्यात भीक मागणं म्हणजे काय याची व्याख्या वाचून बघा: गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं, वस्तू विकायला पुढे करणं, हे सगळं 'बहाणा' म्हणून त्यात बसतं. अम्मीला दाभण विकणारी बाई या व्याख्येत सहज बसवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्याच्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात तो आहे.

नगर शहराने याची एक किंमत जवळून पाहिली आहे. सुमन काळे ही पारधी समाजाची कार्यकर्ती मे २००७ मध्ये इथे पोलिसांच्या ताब्यात असताना गेली. औरंगाबाद खंडपीठाने तिच्या कुटुंबाला भरपाई देण्याचा आदेश दिला तो २०२१ मध्ये. चौदा वर्षं. तेवढ्यात माझ्या वर्गातली दोन पिढ्यांची पोरं शिकून बाहेर पडली.

आपल्याकडे लढणारे नव्हते असं नाही. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा', लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ही पुस्तकं घराघरात गेली. १९९८ मध्ये बंगालमध्ये बुधन शबर पोलिसांच्या मारहाणीत मेला, तेव्हा महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवरचा गट उभा केला. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करा असं भारताला सुचवलं. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींना मनमानी अटक होता कामा नये असंही बजावलं. हा मला आपला ओस्ट्राव्हा वाटतो. एका पत्रकार बाईने तुरुंगांचे नियम एक-एक वाचून काढले, त्यातून निकाल निघाला. भाषणातून नाही.

पण गाडं अडतं ते कागदावर. माझ्या शाळेत मदारी समाजाचा एक मुलगा होता. गणितात हुशार. दहावीनंतर प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा, दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा हवा. त्याचा आजा त्या वर्षी सापाची टोपली घेऊन नगर ते बीड फिरत होता. कुठल्या तलाठ्याने त्याचं नाव लिहून ठेवलं असेल? कुठल्या शाळेच्या दाखल्यावर? पुरावा नसेल तर प्रत्यक्ष चौकशी करून दाखला देण्याची सोय आहे म्हणे. पण ती मागायची कशी आणि कुणाकडे, हे त्याच्या बापाला मी सांगेपर्यंत प्रवेशाची मुदत संपली होती. उशीर माझा होता. मलाही ते माहीत नव्हतं. तो आता पुण्यात टायरच्या दुकानात आहे. गणित अजून चांगलं आहे, फोनवर मला हवा किती भरायची ते पीएसआयमधून बारमध्ये करून सांगतो.

यादीत नाव असणं म्हणजे काय, हे रोमांना दोन्ही बाजूंनी कळलं आहे. २०१३ मध्ये स्वीडनसारख्या सज्जन देशात उघडकीला आलं की दक्षिणेकडच्या पोलिसांनी चार हजारांहून जास्त रोमांची बेकायदा यादी ठेवली होती, त्यात लहान मुलंही होती. गुन्हा काय, तर नातं. म्हणून युरोपातले कित्येक रोमा जनगणनेत आपण रोमा आहोत हे सांगतच नाहीत. आणि सांगितलं नाही की त्यांच्यासाठीच्या शाळा-घरांचा पैसा कमी होतो. आपल्याकडे विमुक्त-भटक्यांची नीट मोजणी १९३१ नंतर झालेलीच नाही. रेणके आयोगाने २००८ मध्ये दहा कोटींच्या वरचा अंदाज दिला, तोही अंदाजच. इदाते आयोगाला अडीचशेहून जास्त जमाती सापडल्या ज्या कुठल्याच यादीत नाहीत, ना अनुसूचित जाती, ना जमाती, ना इतर मागास. २०२७ च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे. विमुक्त-भटक्यांसाठी वेगळा रकाना हवा, ही त्यांच्या संघटनांची मागणी आहे. माझ्या मते तो हवाच. कागदाला घाबरणं म्हणजे काय हे २०१९ च्या हिवाळ्यात आपल्या प्रत्येक मोहल्ल्याने अनुभवलं आहे, त्यामुळे भीती मला कळते. पण पोलिसांच्या वहीत ज्यांची नावं शंभर वर्षं आहेत, त्यांची नावं शाळेच्या आणि रेशनच्या वहीत न येणं हे त्याहून वाईट.

आणि आता आपल्या घरात येऊ. महाराष्ट्राच्या याद्या उघडा. विमुक्त जातींत छप्परबंद आहेत. भटक्यांत मुस्लिम मदारी, गारुडी, सापवाले, जादूगर आहेत, दरवेशी आहेत, अस्वलवाले आहेत. सगळे कलमा पढणारे. माझे अब्बा सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावात दरवेशी अस्वल घेऊन यायचा. आजारी पोराला अस्वलावर बसवायचे, त्याचा एक केस ताईतात घालायचे. वन्यजीव कायद्याने अस्वल गेलं, साप गेले. जनावरांच्या बाजूने ते बरोबरच झालं. पण अस्वलासाठी पुनर्वसन केंद्र निघालं, दरवेशाला काय मिळालं? आणि आपल्या जमातीने त्यांना काय दिलं? रमजानमध्ये फित्रा देतो आपण त्यांना, पण मशिदीच्या कमिटीवर घेत नाही. त्यांच्यात मुलगी देणं तर बोलूच नका, ताबडतोब आपले पूर्वज अरबस्तानातून उतरतात. बाल्कन देशांतही रोमांमध्ये मोठा मुस्लिम वर्ग आहे, खोराखाने म्हणतात त्यांना. आपण बोस्नियासाठी दुआ मागितली, बरोबर केलं. त्यांचं नाव मात्र आपल्या एकाही जलशात मी ऐकलेलं नाही.

पाथर्डी तालुक्यातलं मढी आमच्यापासून फार लांब नाही. कानिफनाथांचं ठाणं, भटक्यांची पंढरी. त्यांनाच शाह रमजान माही सवार म्हणून मानणारेही आहेत. होळीपासून पाडव्यापर्यंतच्या यात्रेत वैदू, कैकाडी, गोपाळ, कोल्हाटी महाराष्ट्रभरातून येतात, गाढवांचा बाजार भरतो. २०२५ च्या यात्रेआधी तिथल्या ग्रामसभेत मुस्लिम व्यापाऱ्यांना जागा देऊ नये असा ठराव झाला. प्रशासनाने तो ग्राह्य धरला नाही. त्या दिवसांत आमच्यातले लोक खूप दुखावले होते, मीही. पण मला तेव्हा वाटलं ते हे की, बाजारातून उठवलं जाणं काय असतं ते त्या यात्रेला येणाऱ्या प्रत्येक माणसाला आपल्याआधी माहीत होतं, आणि आपण कधी त्यांच्याशी त्यावर बोललो नव्हतो.

तर ती वीस मिनिटं. शेवटी मी ग्रुपवर लिहिलं: या बाया दाभण-सुया विकतात, वर्षानुवर्षं येतात, कडेवरचं मूल तिचं आहे, आणि फोटोतला तांब्याचा हात माझ्या आईचा आहे. आणखी एक ओळ लिहिली होती, राईनपाड्याची. ती पाठवली नाही. पाच मिनिटांनी फोटो 'डिलीट' झालेला दिसला. टाकणाऱ्याने काही लिहिलं नाही. मागच्या गल्लीतल्या कुलकर्णी काकूंनी मात्र लिहिलं, "त्यांना माझ्याकडेही पाठवा, मला बिब्बे हवेत."

पण त्या पुढे गेलेल्या होत्या. दिवाळी झाली, थंडी संपत आली, अजून कुणी आलेलं नाही. फोटो आमच्या ग्रुपवरून गेला, आणखी किती ग्रुपवर गेला असेल कुणास ठाऊक. अम्मीचं दाभण परवा मोडलं. गोधडी अर्धी शिवून खाटेवर पडली आहे.